शेंडे कापलेले डोंगर

सोमवार, ४ सप्टेंबर

नाही म्हणायला हवं होतं! सरळ तोंडावर. "नाही जमणार, दादा. माझा स्टुडिओ आहे, माझी गिऱ्हाइकं आहेत." पण जीभ टाळूला चिकटली नेहमीसारखी. आणि आता बसले आहे इथे, तळ्याकाठच्या गेस्ट हाऊसच्या खोलीत, जिची खिडकी नेमकी तळ्याकडे नाही, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीकडे उघडते.

दादाचे दोन्ही गुडघे बदलले. महिनाभर अंथरुणात. पुस्तक छापायला जायचंय — पंचवीस वर्षांचे डोंगर, तळी आणि वादळं — आणि एक फोटो कमी आहे. शेवटचा. "तूच जाऊ शकतेस गं बारके. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही." भरवसा! एकोणपन्नास वर्षांची झाले, अजून बारकी.

कागदावर काढून दिलंय सगळं. तिन्ही शिखरं वर, मधे तळं, खाली उजव्या कोपऱ्यात सपाट खडक, त्याच्या शेजारी वठलेलं झाड. कुठे उभं राहायचं, कोणती लेन्स, ट्रायपॉड किती उंच — सगळं. खाली लिहिलंय, "आकाश काळं हवं. घाई करू नकोस. स्वतःचं डोकं चालवू नकोस." तिसऱ्या वाक्याखाली दोन रेघा.

मंगळवार, ५ सप्टेंबर

आकाश निळंशार. सहलीला आलेल्यांची चंगळ. माझा दिवस फुकट.

बुधवार, ६ सप्टेंबर

टेकडीवर चढून तो खडक शोधला. अर्धा तास छातीवरची चढण, वाट निसरडी. वर पोचले तेव्हा घामाघूम. खडक आहे, झाडही आहे. पण चित्रातल्यासारखं काही जुळत नाही! मधलं शिखर डावीकडच्या मागे दडतं. तिन्ही शिखरं सुटी दिसतच नाहीत इथून. कॅमेरा दहा पावलं डावीकडे नेला, मग वीस पावलं, मग खाली दरड. शेवटी उतरताना, खालच्या सडकेवर, जिथे गाड्या लावतात तिथे सहज मान वळवली — तर तिन्ही शिखरं ओळीने उभी! सडकेवरून!

दादाला फोन केला. म्हटलं, तुझं चित्र चुकलंय. वरून असं दिसत नाही.

"मी अकरा वर्षं तिथे जातोय. तू कालची."

"अरे पण मी आत्ता बघून आले ना!"

"नीट बघ." आणि फोन ठेवला.

स्वतः बिछान्यात पडून उंटावरून शेळ्या हाकतोय. शेळी मी.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

पुन्हा वर. ढग आले, पण कापसासारखे. असल्या ढगांचा काय उपयोग! चार तास बसून राहिले. बसल्या बसल्या नको ते आठवत राहिलं.

बाबांनी कॅमेरा आणला तेव्हा मी बारा वर्षांची, दादा सतरा. घरात एकच कॅमेरा. बाबा म्हणाले, "तू धर, तो काढेल." म्हणजे ट्रायपॉड मी धरायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. सात वर्षं धरला. उजेड कधी पडेल, ढग कोणत्या खिंडीतून येईल, हे मी त्याच्या आधी सांगायचे. तो म्हणायचा, "शाब्बास," आणि बटण दाबायचा. त्याचं नाव झालं. मी पासपोर्टचे फोटो काढते. हनुवटी खाली. खांदे सरळ. हसू नका. दिवसाला तीस वेळा म्हणते, हसू नका! मला कुणी म्हणायची गरज पडत नाही.

संध्याकाळी वहिनीचा फोन. गरम कपडे आहेत का, मोजे सुके आहेत का, वगैरे. मग म्हणते, "वारा डावीकडून असेल तर पिशवीत दगड भरून ट्रायपॉडला लटकव. पण पिशवी जमिनीला टेकू दे हं, नाहीतर झोके घेते आणि फोटो हलतो."

हो, माहीत आहे! दादाचं ऐकून ऐकून पोपटासारखं बोलते बिचारी. दाराला धक्का लागला तर दाराची माफी मागणारी बाई. स्टुलावर चढायचं तर शेजारच्यांना हाक मारते. आणि मला ट्रायपॉड शिकवते!

शनिवार, ९ सप्टेंबर

आज पाच फोन. पाचही त्याचे. पाचव्याला मी फोन उशीखाली दाबून ठेवला.

सोमवार, ११ सप्टेंबर

आज डोकं चालवलं. दोन रेघांना न जुमानता!

झालं असं की सकाळी पूर्वेकडून काळं आलं, पण अर्धवट. शिखरं ढगात गेली, पाऊस नाही. दादाच्या चित्राप्रमाणे फ्रेम लावली — खडक, झाड, तळं, वर डोंगर असायला हवेत तिथे राखाडी लगदा. पिवळ्या पडलेल्या जुन्या कॅलेंडरसारखं दिसत होतं. खडक नुसता खडक. झाड तर इतकं ओळखीचं की किळस यावी. असली वठलेली झाडं मी किती पाहिलीत फोटोंत! प्रत्येक तळ्यापाशी एक ठेवलेलंच असतं, जसं काही भाड्याने आणलंय.

चिडून कॅमेरा खाली वळवला. म्हटलं, गेलं उडत. लांब पल्ल्याची लेन्स लावली. आणि फ्रेममध्ये नुसतं पाणी आलं.

पाणी काळं नव्हतं. शिशासारखं होतं, आणि त्यावर वाऱ्याचे ओरखडे, इकडून तिकडे, नखांनी ओढल्यासारखे. वरच्या कडेला डोंगरांचे नुसते पाय, बोटभर रुंदीचा पट्टा. शिखरं नाहीत. आकाश तर नाहीच. आणि तरी वादळ तिथेच होतं! वर बघायची गरजच नव्हती. वर काय चाललंय ते सगळं पाणी सांगत होतं.

किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. झाड फ्रेमबाहेर गेलंच होतं. खडकही. डोंगर आणखी थोडे कापले. जेवढं काढत गेले तेवढं वादळ वाढत गेलं.

चाचणीचा एक फोटो दादाला पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"शिखरं कुठायत?"

"कापली."

"डोकी उडवलीस डोंगरांची? पासपोर्टवाल्याची उडवतेस का अशी?"

वर्मी लागलं. मागून वहिनीचा आवाज आला, "बघू, मला बघू जरा." तो म्हणाला, "तू काय बघणार त्यात?" मग मला म्हणाला, "चित्रात आहे तसं कर. मी गंमत म्हणून नाही पाठवलं तुला."

तळपायाची आग मस्तकात गेली. रस्त्यावरून काढलेलं चित्र मला डोंगरावर उभं राहून काढायला सांगतो!

गुरुवार, १४ सप्टेंबर

आलं. वही ओली, म्हणून अक्षर असं.

दुपारी दोनला वारा एकदम पडला. पाखरं गप्प. मी वरच होते. पश्चिमेच्या खिंडीतून ते आलं — निळं-काळं, खालून फाटलेलं, पावसाचे पडदे लोंबत असलेलं. पडद्यामागे उजेड. एवढासा, पण तळ्यावर एकच तिरपी पट्टी पडली चांदीची, आणि सरकायला लागली माझ्याकडे.

आधी त्याचा फोटो काढला. खोटं नाही लिहीत. रुंद लेन्स, खडक, झाड, शिखरं दिसली तेवढी. सहा फोटो. मान खाली घालून त्याने सांगितलं तसं. मग लेन्स बदलली. पाऊस सुरू. बोटं गारठलेली, लेन्सचं झाकण घरंगळत गेलं दरडीत, जाऊ दे! कॅमेऱ्यावर स्वतःचं जाकीट टाकलं, मी भिजले. पट्टी तळ्याच्या मधोमध आली की दाबायचं, असं ठरवलं, आणि मधोमध आली तेव्हा दाबलं नाही. का ते माहीत नाही. ती आणखी सरकली, उजव्या काठाला टेकली, अगदी विझायला आली, पाण्यावर वाऱ्याने तिचे तुकडे केले — तेव्हा दाबलं. पाव सेकंद. एकदा. दोनदा. तिसऱ्याला लेन्सवर थेंब.

मग सगळं काळं झालं आणि गारा.

खडकाच्या आडोशाला उकिडवी बसले आणि ओरडले. शब्द वगैरे नाही, नुसती ओरडले. कोण ऐकतंय!

शुक्रवार, १५ सप्टेंबर

दोन्ही पाठवले. सहा त्याचे, एक माझा. खाली लिहिलं: "शेवटचा माझा आहे."

दुपारपर्यंत काही नाही. मग त्याचा फोन. आवाज मवाळ! तेव्हाच कळायला हवं होतं.

"बारके, प्रकाशकाला आवडला."

"कोणता?"

"तो पाण्याचा. मुखपृष्ठावर घेतो म्हणतोय. वेडा झालाय नुसता."

उडीच मारायची बाकी होती. म्हटलं, "मग नाव?"

"कसलं नाव?"

"माझं."

समजावणीचा सूर, लहान पोराला औषध पाजताना लावतात तसा. "अगं, पुस्तक माझं आहे. एकाच माणसाची नजर आहे त्यात. मधेच दुसरं नाव आलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. कॅमेरा माझा, जागा माझी, मी पाठवलं म्हणून तू गेलीस. तू माझा हात होतीस."

"चार दिवसांपूर्वी डोकी उडवली म्हणत होतास!"

"तेव्हा पट्टी नव्हती उजेडाची." आणि वर, "आभारात घालतो ना तुला."

आभारात! डॉक्टर, टंकलेखक आणि बारकी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. माझ्या आईचा मुलगा!

मी फोन ठेवला. पहिल्यांदा मी ठेवला.

शनिवार, १६ सप्टेंबर

सामान भरलं. पुन्हा काढलं. जाऊन काय करू? हसू नका म्हणू?

रविवार, १७ सप्टेंबर

आज जे कळलं ते लिहावं की नाही! लिहितेच. पान कुणाला सांगत नाही.

इथला नावाडी दोन आठवडे गावाला गेला होता, मुलीच्या बाळंतपणाला. आज परत आला. काठावर नाव उपडी करून डांबर लावत होता. माझा ट्रायपॉड ओळखला त्याने. "हा तर साहेबांचा. साहेब नाही आले, ताई?"

म्हटलं, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, मी त्यांची बहीण.

"व्हायचंच होतं. त्या गुडघ्यांनी काय चढणार माणूस. मी तर त्यांना कधी वर जाताना पाहिलंच नाही. आणि त्या बाई? त्या पण नाही आल्या?"

"कोणत्या बाई?"

"त्याच, फोटोवाल्या. साहेब गाडीत बसतात, काचा लावून. बाई वर जातात. माकडासारख्या चढतात हो! डोक्याला पुरुषी टोपी, पायात हे मोठे बूट. एकदा मी सामान उचलायला गेलो तर म्हणाल्या, हात लावशील तर बघ. आणि पाऊस मधेच थांबला की ढगांना शिव्या घालतात. काय शिव्या! मी नावाडी आहे ताई, मला शिव्या नव्या नाहीत. पण त्या काही काही मलाही नव्या होत्या."

"आणि साहेब?"

"साहेब डबा घेऊन वाट बघतात. बाई उतरल्या की काच खाली करून आधी विचारतात, 'मिळाला?' दरवर्षी येतात दोघं. जोडी चांगली आहे."

जोडी!

म्हणजे इतकी वर्षं "कामाला जातो" म्हणून निघायचा ते यासाठी! कोणी एक टोपीवाली भवानी, तिच्याकडून फोटो काढून घ्यायचे, तिच्यासोबत डबा खायचा, आणि नाव आपलं! वहिनीही सोबत जाते म्हणे दरवर्षी. तिला कुठे ठेवतो मग? गेस्ट हाऊसवर, मोजे वाळवायला? त्या गरीब गाईला!

माझा फोटो गेला त्याचा राग होताच. आता हा. रागावर राग. खोलीत येऊन उशी भिंतीवर आपटली. दोनदा.

सोमवार, १८ सप्टेंबर

वहिनीला सांगितलं. रात्रभर तळमळून शेवटी ठरवलं, तिला अंधारात ठेवणं म्हणजे मीही त्याच्यातलीच. दुपारी दादा झोपतो तेव्हा फोन केला.

"वहिनी, बसून ऐक."

"बसलेच आहे. चादरींच्या घड्या घालतेय."

सगळं सांगितलं. गाडी, टोपी, बूट, शिव्या, डबा. एका दमात. पलीकडे शांत. मला वाटलं, रडतेय. म्हटलं, "वहिनी, मी आहे. मी तुझ्या बाजूने आहे."

आणि ती हसली! आधी फुसफुस, मग खदखदून. या बाईला एवढं मोठं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"शिव्या कोणत्या ते सांगितलं का त्याने?"

"वहिनी!"

"अगं, मीच ती."

मला कळेचना. तिने पुन्हा सांगितलं. सावकाश, चादरीची घडी घालताना बोलावं तसं.

अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा इथे आले तेव्हा अर्ध्या वाटेत दादाचा गुडघा अडकला. उजेड चालला होता. तो म्हणाला, तू जा वर, मी खालून सांगतो तसं दाब. त्याने ओरडून ओरडून सांगितलं, पण वाऱ्यात एक अक्षर ऐकू येईना. मग तिला दिसलं तसं तिने दाबलं. त्या फोटोला बक्षीस मिळालं. दादा म्हणाला, पुढच्या वेळी तुझं नाव घालू.

"मग?"

"मग पुढची वेळ आलीच नाही. अशी वेळ येते का कधी?"

"आणि तू गप्प बसलीस! अकरा वर्षं!"

"बसले. वर गेलं ना, की मला कुणी विचारत नव्हतं आज जेवायला काय, इस्त्रीचे कपडे कुठे. वर मी आणि ढग. त्याच्या बदल्यात नाव गेलं तर जाऊ दे, असं वाटायचं. पाच-सहा वर्षं वाटलं. मग नाही वाटलं."

"मग का नाही बोललीस?"

"तोवर सगळ्यांना सवय झाली होती. मलासुद्धा."

मी दादाला नाही नाही ते बोलले. तिने बोलू दिलं. मग म्हणाली, आवाज तोच, पण हसू गेलेलं —

"तू तर फोटोवाली. प्रत्येक पुस्तक आलं की आमच्याकडे येऊन पानं उलटायचीस आणि म्हणायचीस, दादाची नजर बघ, दादाची नजर! मी चहा घेऊन शेजारी उभी असायचे. दरवेळी वाटायचं, आता ही ओळखेल. बाकी कोणी नाही, पण ही ओळखेल."

मी बोटांवर पुस्तकं मोजत बसले.

"चल, उठले हे," म्हणाली, आणि फोन ठेवला.

मंगळवार, १९ सप्टेंबर

दिवसभर खोलीत. दादावर राग आहेच, तो कुठे जातोय! पण आज तो तेवढ्यावर थांबत नाही. "तू काय बघणार त्यात" असं तो म्हणाला तेव्हा मी ऐकलं होतं. मला त्यात काही खटकलं नाही. पोपटासारखी बोलते, असं मीच लिहिलं की इथे, अकरा दिवसांपूर्वी! माझ्या हाताने!

जेवणाच्या खोलीत त्या बक्षीसवाल्या फोटोची मोठी प्रत टांगलेली आहे. दोन आठवडे तिच्याखाली बसून चहा पितेय. आज खुर्ची वळवून बसले. डोंगर डावीकडे ढकललेला, जवळजवळ बाहेर. तळं मधे न घेता कडेला. मधे काय? काहीच नाही. नुसता येणारा पाऊस. दादा मधे काहीतरी ठेवल्याशिवाय फ्रेम लावूच शकत नाही. कधीच शकला नाही! सात वर्षं मी त्याचा ट्रायपॉड धरलाय. हे मला पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं.

वाढपी म्हणाला, "ताई, चहा गार झाला." त्याच्यावर खेकसले. मग त्याची माफी मागितली.

बुधवार, २० सप्टेंबर

सकाळच्या बसने वहिनी उतरली. एकटी. दादासाठी दिवसभराची नर्स ठेवून आली आहे. काल प्रकाशकाला स्वतः फोन केला म्हणे — कोणता फोटो कोणाचा, वर्षासकट सांगितलं. पुस्तक थांबलं. दादा तासभर ओरडला, मग भिंतीकडे तोंड करून पडला. "राहू दे पडून," म्हणाली. एवढंच.

मग म्हणाली, तुझा तो दाखव. मी दाखवला. काठावर उभ्या उभ्या तिने पाच मिनिटं पाहिला.

"चांगला आहे," म्हणाली. "डावीकडे बोटभर जास्त घेतलंस."

असा राग आला! पंधरा दिवस मी इथे गारा खाल्ल्या आणि ही बसमधून उतरून बोटभर सांगते! तिच्या हातातून ओढून घेतला, डाव्या कडेवर बोट ठेवलं, डोळे बारीक करून पाहिलं.

बोटभरच. बरोबर आहे मेलीचं!